दुपारचा मुका भोंगा

"डरकाळी फोड ना बे, वाघ हायेस तू!" दिव्यानी ओरडली.

"हात भाजून राह्यले, डरकाळी कुठून काढू?" जिशान म्हणाला. भर दुपारी तो शेताच्या बांधावरच्या खांबासमोर चार पायांवर रांगत होता. खांबावरच्या सेन्सरच्या डोळ्याला हालचाल दिसली की गावातला वाघाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजायला हवा. भोंगा ढिम्म!

दिव्यानी खदखदून हसली आणि लगेच गप्प झाली. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या त्याच आठवड्यात, अशाच दुपारी, इथंच वाघानं तिच्या बाबांना धरलं होतं. ते चंद्रपूरच्या दवाखान्यात होते. उजवा हात काढावा लागला होता. वर गाव म्हणे, "भोंगा वाजला नाई, म्हणजे लटारूच जंगलात घुसला असन!" ते ऐकलं की तिला जीव नकोसा होई.

"भोंगा खोटा हाये, बाबा नाई! चाल प्रफुलभाऊकडे!"

भोंग्याचं यंत्र सांभाळणारा प्रफुलभाऊ ग्रामपंचायतीत पंख्याखाली घोरत होता.

"भाऊ, मशीन बिघडली वाट्टे!"

"काही नाई बिघडली! जा, खेळा तिकडं!"

"मंग दाखवा ना! लावता पैज?"

भाऊ तावातावानं उठला आणि फसला. पडद्यावर रोजच्या हालचालींचा आलेख उमटला. पहाटे उंच डोंगर, दुपारी सपाट माळ आणि डोंगराच्याही वर एक लाल रेघ.

"रेघेच्या वर गेलं तरच भोंगा वाजते," जिशान म्हणाला. त्याच्या अब्बांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला असलं पटकन कळे. "पण इतकी वर काऊन ठेवली, भाऊ?"

"मोहफुलं वेचाले अख्खं गाव पहाटे जाये ना! रोज भोंगा बोंबले. लोक वैतागले, म्हणून नेली वर."

"मोह तर सरला, आता तेंदूपत्ता तोडाले जातेत, तेबी पहाटेच! अन् दुपारी तिथं चिटपाखरू नसते. एकटा वाघ गावाएवढी गर्दी कसा करन?" जिशाननं विचारलं.

दिव्यानीनं बाबांचा दिवस उघडायला लावला. दुपारच्या माळावर, वाघानं त्यांना धरलं नेमक्या त्या वेळी, एक बारीकसा उंचवटा होता. "पाहा! वाघच बांधावर आला होता. बाबा आत गेलेच नाईत!"

प्रफुलभाऊचा चेहरा उतरला. "पोरी, तुह्या बाबानंच सांगतलं होतं मले. 'कान किटले, रेघ वर कर' म्हणे."

"मंग आता खाली घ्या तिले," दिव्यानी कशीबशी म्हणाली.

त्याच संध्याकाळी दोन रेघा झाल्या. पहाटेची उंच, बाकी वेळेची खाली. आणि आठवड्याभरात भर दुपारी भोंगा कोकलला! बांधावर गवत कापणारी ठमाबाई विळा टाकून पळाली. लोक काठ्या घेऊन धावले, तर तिच्या भाऱ्याशेजारी वाघाचे ताजे ठसे!

"वाघासारखी पोरं हायेत!" सरपंच रुखमाबाईंनी दोघांची पाठ थोपटली. लटारूवर खोटा आळ घेतला, हे गावानं कबूल केलं. टाळ्या पडल्या. दिव्यानीला त्यातलं काहीच गोड लागेना.

तिनं दवाखान्यात फोन लावला. "बाबा, भोंगा वाजला! ठमाआजी वाचली!" रेघेबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.



"मीच वर कराले लावली होती ती रेघ, पोरी," बाबा म्हणाले. "आता कितीबी कान किटू दे. वाजू दे त्याले."

"हो बाबा," ती म्हणाली. फोन ठेवला आणि जिशानच्या खांद्यावर डोकं टेकून ती पोटभर रडली.