जत्रेच्या दुसऱ्या दिवशी

"तुम्ही गोड खाता का हो?"

मी मान वर केली. फिरत्या वाचनालयाच्या गाडीच्या पायरीवर बसून मी उकडलेलं अंडं सोलत होते, आणि समोर एक उंच तरुण धापा टाकत उभा होता. उन्हाने लाल झालेलं नाक, शर्टाच्या खिशाला पेन्सिल, आणि डोळे... असे करडे-निळे डोळे माणसाला का देतात कुणास ठाऊक!

"नाही," मी म्हटलं.

"वा! म्हणजे तुमचं कुठल्याच केकशी साटंलोटं नाही. चला!"

"अहो, कुठे?"

"चीजकेकच्या स्पर्धेला. तिसऱ्या परीक्षकाची दाढ नेमकी आज दुखायला लागलीय. माझी आत्या तिकडे मंडपात सुरी घेऊन उभी आहे. परीक्षक नाही मिळाला, तर ती माझेच बारा तुकडे करून वाटेल."

मी हसले. आणि तिथेच फसले.

आमच्या परगण्याची जत्रा दर ऑगस्टमध्ये भरते. विस्कॉन्सिनमध्ये जत्रा म्हणजे गाई, चीज आणि तळलेलं जे जे म्हणून असेल ते सगळं. मी डॅग्नी. वाचनालयाची गाडी गावोगाव नेते, तशी जत्रेतही नेली होती. दुपारच्या डब्यात दोन अंडी, काकडी आणि एक सफरचंद होतं. सगळं वजन करून, मोबाइलमध्ये नोंदवून. तो शनिवार माझा सत्त्याण्णवावा दिवस होता. रोज सोळाशे कॅलरी, एकही दिवस न चुकता.

ही हौस नव्हती. मे महिन्यात डॉक्टर म्हणाल्या होत्या, "रक्तातली साखर काठावर आहे, डॅग्नी. आत्ता आवरलीस तर आवरेल." आईची नाही आवरली. तिला आता शिवणाची सुई दिसत नाही, आणि माझा चेहरासुद्धा ती जवळ ओढून बघते. त्यामुळे मी वजनकाटा आणला आणि कामाला लागले. याआधी तीनदा लागले होते, आणि तिन्ही वेळा एकाच दिवसाने घात केला होता. एकदा नाताळ, एकदा मावसबहिणीचं लग्न, एकदा माझाच वाढदिवस. एक दिवस हात सुटला की मी म्हणायचे, गेलं सगळं! आणि मग खरंच सगळं जायचं.

"एकेक घास," मी त्याला बजावलं. "बारा केक, बारा घास. त्यापुढे एक कण नाही."

"शब्द देतो," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "मी वेंडेल."

मंडपात त्याची व्हर्ना आत्या खरोखरच सुरी घेऊन उभी होती. मला आपादमस्तक न्याहाळून ती पुतण्याला म्हणाली, "परीक्षक आणायला पाठवलं होतं तुला. तू तर भलतीच निवड करून आलास!"

वेंडेलच्या नाकाची लाली कानांपर्यंत पसरली.

बारा घास झाले. चेरीचा, मेपलचा, भोपळ्याचा, क्रॅनबेरीचा... आणि मग दोन केकांना सारखे गुण पडले. पुन्हा चाखा! पुन्हा वाद! वेंडेल टेबलाच्या पलीकडे गुणांचा कागद धरून उभा होता, आणि मी प्रत्येक घासाला काय म्हणते ते ऐकायला असा पुढे वाकत होता, की मी एका घासाचं जे दोन वाक्यांत सांगता आलं असतं ते सहा वाक्यांत सांगू लागले. सहा वाक्यांना तीन घास लागतात.

निकाल लागला आणि आभाळ फुटलं. टपोऱ्या थेंबांची सर आली, माणसं सैरावैरा पळाली. वेंडेलने माझा हात धरला आणि आम्ही गाईंच्या छपराखाली घुसलो. पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता. शेजारच्या गाडीवर चीजचे गरम तळलेले तुकडे मिळत होते. त्याने एक पुडा आणला. मग दुसरा. मग मी स्वतः जाऊन तिसरा आणला, लिंबू सरबताचे दोन मोठे पेलेही आणले.

"तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"गोठ्यागोठ्यांतून फिरतो. प्रत्येक गाईचं दूध मोजतो, नमुने घेतो. म्हणजे... रोज पहाटे चार वाजता अशा मंडळींना भेटतो, ज्यांना माझ्यात काही रस नसतो."

"दुर्दैव त्यांचं," मी बोलून गेले.

तो बघत राहिला. मी घाईघाईने चीजचा तुकडा तोंडात टाकला. पाऊस थांबला तरी आम्हाला कळलं नाही.

घरी जाताना मी गाणं म्हणत होते. दारात पोचले, मोबाइल काढला, आणि गाणं थांबलं. हिशोब केला. चार हजार! मी तो आकडा नोंदवलाच नाही.

रविवारी शिक्षा सुरू केली. काळी कॉफी, काकडी, पुन्हा काळी कॉफी. रात्री डोकं ठणकत होतं, पण मी स्वतःवर खूश होते. सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच मी उरलेली मॅकरोनी संपवली, मग चिप्सचा अख्खा पुडा, मग आइस्क्रीमचा डबा... चमच्याने तळ खरवडताना आवाज आला, तेव्हा थांबले.

"कोण आहे गं तिथे?" आईने बाहेरच्या खोलीतून विचारलं.

"कोणी नाही, आई," मी म्हटलं.

मंगळवारी, बुधवारी मी काहीच मोजलं नाही. गेलंच होतं सगळं. आणि मला एक गोष्ट लख्ख दिसली. नाताळ, लग्न, वाढदिवस, जत्रा. मी घसरले ती प्रत्येक वेळी आनंदाच्या दिवशी! आनंद मला परवडतच नव्हता. आणि त्या शनिवारच्या आनंदाला तर नाव होतं, गाव होतं, करडे-निळे डोळे होते...

गुरुवारी माझी गाडी चीजच्या कारखान्याजवळच्या चौकात थांबते. साडेदहाला वेंडेल आला. केस विंचरलेले, हातात खोका.

"पहिल्या नंबरचा केक. आत्याने खास तुमच्यासाठी करवून घेतला. म्हणजे... मीच तिच्या मागे लागलो होतो."

"मला नको."

"निदान चव—"

"नको म्हटलं ना! सत्त्याण्णव दिवस, वेंडेल! सत्त्याण्णव दिवस मी सांभाळले होते, आणि तुम्ही एका दुपारी ते... तुम्हाला काय, गंमत वाटते! माझ्या आईला माझा चेहरा दिसत नाही आता, ठाऊक आहे?"

त्याने खोका छातीशी धरला. "मला... माहीत नव्हतं," एवढंच म्हणाला आणि वळला. पुस्तकही न घेता गेला.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. साडेदहा वाजले. अकरा वाजले. मी एकाच पुस्तकावर तीनदा शिक्का मारला. दोष त्याचा नव्हता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि फोन उचलणं वेगळं. शेवटी आत्याला फोन लावला.

"आठ दिवस तोंड पाडून हिंडतोय," आत्या म्हणाली. "तू त्याला काय केलंस, बाई?"

"ओरडले."

"एवढंच? मी तर रोज ओरडते. पीटर्सनच्या गोठ्यात आहे तो आत्ता. जा लवकर, आणि माफी मागायला जात असशील तर बूट जाडे घाल."

वाचनालयाची एवढी मोठी गाडी घेऊन मी अकरा मैल वाट वाकडी केली. गोठ्यात दुपारच्या धारा चालल्या होत्या. गवताचा आणि कोमट दुधाचा वास, यंत्रांची धकधक. वेंडेल एका गाईशेजारी वाकून नमुन्याची बाटली भरत होता. मला बघून इतका झटकन उभा राहिला, की डोकं दांडीवर आपटलं.

"लागलं?"

"नाही. हो. थोडं."

"मी माफी मागायला आले," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. काठावरची साखर, तीन वेळचं घसरणं, रविवारचा उपास, सोमवारचा आइस्क्रीमचा डबा. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

डोकं चोळणारा त्याचा हात थांबला. मग भिंतीवर टांगलेली मालकाची वही काढली.

"ही क्लोटिल्डा. हे तिचं रोजचं दूध. बघ, बारा तारखेला निम्म्यावर आलंय. रात्रभर वीज कडाडत होती, घाबरली बिचारी. पीटर्सनने तिला विकली का? एका दिवसाच्या दुधावरून गाय ठरत नाही. आम्ही सरासरी बघतो."

"तू मला गाय म्हणतोयस?"

"नाही! छे... म्हणजे... क्लोटिल्डा फार चांगली—" तो थांबला. "मी फारच वाईट बोलतोय ना?"

मी हसत सुटले. क्लोटिल्डानेही मान वळवून पाहिलं.

"जत्रेच्या शनिवारी किती झालं?" त्याने पेन्सिल काढली.

मला वाटलं, आता भुवया वर जाणार. "चार हजार."

त्याने नुसतं लिहिलं. "आणि बाकीचे सहा दिवस सोळाशेच असते तर?"

"पण नव्हते ना!"

"असते तर. एकूण तेरा हजार सहाशे. भागिले सात... एकोणीसशे त्रेचाळीस. तुझं शरीर दिवसाला किती वापरतं?"

"एकवीसशेच्या आसपास." मी कागदाकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "म्हणजे... चार हजार खाऊनसुद्धा आठवड्यात मी खालीच राहिले असते?"

"मला दुधातलं कळतं. तुझं तू ठरव."

मी ठरवलं. तिथेच, चिखलातल्या बुटांत उभी राहून. घात जत्रेने केला नव्हता. तो दुसऱ्या दिवशीच्या उपासाने केला होता. मी रविवारी नेहमीसारखी न्याहारी केली असती, तर सोमवार आलाच नसता. एवढी साधी गोष्ट! आणि मी उगाच आनंदाला शिव्या घालत होते.

मी मोबाइल काढला आणि जत्रेच्या शनिवारपुढे चार हजार लिहिले. मग सोमवारचंही, आठवेल तसं. आकडे लाल झाले, पण मला काही झालं नाही.

"वेंडेल," मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर फिरायला येशील? काही न खाता?"

"मी पहाटे चारपासून मोकळा असतो," तो म्हणाला आणि जीभ चावली. "म्हणजे नसतो. सहानंतर. संध्याकाळी."

मग संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी चालायला लागलो. सप्टेंबर आला, मेपलची टोकं लाल व्हायला लागली. एकदा रविवारी आत्याच्या घरी मी क्रॅनबेरी घालून भाजलेला मोठा पाव अर्धा फस्त केला. दुसऱ्या दिवशी हात उपासाकडे वळत होता. कठीण गेलं, खोटं कशाला सांगू. पण मी ओट्स शिजवले, नेहमीएवढेच, आणि बसून खाल्ले. मंगळवारपर्यंत सगळं रुळावर होतं.

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी रक्ताचा अहवाल आला. साखर काठावरून खाली उतरली होती! मी आईला मिठी मारली, आणि वेंडेलला फोनवर काय सांगितलं ते त्याला एक अक्षर कळलं नाही, इतकी मी किंचाळत होते. त्या संध्याकाळी आम्ही गावातल्या मद्यगृहात गेलो. शुक्रवारी तिथे तळलेले मासे असतात, हवे तितके. मी हवे तितके खाल्ले. बटाट्याची थालीपिठंही. वेंडेल मात्र उत्तरोत्तर गप्प होत गेला.

शनिवारी सकाळी आठला दार वाजलं. तो उभा होता. केस विस्कटलेले, स्वेटर उलटा.

"तू उपाशी तर नाहीयेस ना? काल मी तिसऱ्यांदा ताट मागवायला नको होतं. रात्रभर झोप नाही. म्हटलं, मी भेटलो की तू जास्त खातेस, आणि मग तू पुन्हा... आणि मग तू मला..."

"आत ये," मी म्हटलं. "माझं अंडं करपतंय."

तव्यावर एक अंडं होतं, शेजारी टोस्ट, अर्धं सफरचंद. नेहमीचीच न्याहारी. तो तव्याकडे बघतच राहिला, जणू मी तिथे सोनं परतत होते.

"कालचं लिहिलं मी," मी म्हटलं. "छत्तीसशे. मजा आली, वेंडेल. आज पुन्हा सोळाशे. बस, एवढंच."

"डॅग्नी, माझं... म्हणजे गेले दोन महिने मी... पहाटे दूध मोजताना मी दोनदा चुकलो. बारा वर्षांत कधी चुकलो नव्हतो." त्याने श्वास घेतला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. उत्तर आत्ताच नकोय. तू सावकाश..."

टेबलापाशी बसलेल्या आईने कॉफीचा पेला खाली ठेवला. "मी मागच्या अंगणात जाते," ती म्हणाली. "आणि पोरी, त्याला फार ताटकळत ठेवू नकोस. कोवळं वाटतंय ते."

दार लागलं. वेंडेल खाली मान घालून उभा होता. मी शेगडी बंद केली, दोन्ही हातांनी त्याचा उलटा स्वेटर धरला आणि त्याला जवळ ओढलं.

"मला सावकाश नकोय," मी म्हटलं. "मी सांगणार होते काल, तिसऱ्या ताटाच्या वेळी. पण तोंडात मासा होता."

तो हसला. इतक्या जवळून, की ते हसू मला दिसण्याआधी ओठांवर जाणवलं...

आम्ही मे महिन्यात लग्न केलं.