माया 'हो' म्हणायची

ही गोष्ट खरी आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं, पण रायपूरच्या गुढियारीत विमलाच्या दारात उभं राहून हसून दाखवावं.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. गडीमाणसं नव्या इमारतींच्या कामावर गेली आणि शेतावर माणूस मिळेना. त्या हिवाळ्यात विमला आणि तिची धाकटी बहीण माया, दोघी मूळच्या वर्ध्याकडच्या, शहराबाहेर एका सेठच्या खळ्यावर धानाच्या मळणीला जायच्या. चौघींचं काम दोघींनी ओढायचं.

थ्रेशरच्या तोंडावरचं झाकण सेठने काढून टाकलं होतं. पेंढी अडकली की ते उघडण्यात वेळ जातो म्हणे.

माया तोंडाशी, पेंढ्या सारायला. विमला मागे, मोटरच्या बटनापाशी. तिथून माया दिसायची नाही, म्हणून दोघींनी रीत ठरवली होती. अडकलेलं काढून झालं की विमला विचारायची, "माया, लावू काय?"

माया म्हणायची, "हो."

मगच बटन.

आधीच्या हंगामात मायाच्या जागी बिसाहिन होती. गावातलीच, छत्तीसगढी. त्यांच्यात 'हो'ला 'हव' म्हणतात. तिचा हात आत असताना, तिचा 'हव' यायच्या आधीच कोणीतरी बटन दाबलं...

ती दवाखान्यापर्यंत पोचली नाही.

त्या दिवशी दुपारी मशीन अडकलं. विमलाने मोटर बंद केली, थांबली, मग विचारलं, "माया, लावू काय?"



खळ्यावर कावळे ओरडत होते. ते एकदम गप्प झाले...

"हव."

विमलाचं बोट बटनावर टेकलं होतं. तिथंच थिजलं. माया जन्मात कधी हव म्हणाली नव्हती.

ती धावत पलीकडे गेली. मायाचा हात खांद्यापर्यंत मशीनमध्ये होता.

"तू बोलली?"

"मी काहून बोलीन? अजून निघूनच नाही राहिलं."

विमलाने तिचा दुसरा हात धरला. "माया, घरी चाल. आत्ताच्या आत्ता."

"अन् खायचं काय, अक्का?"

विमला परत बटनापाशी गेली. मग दर वेळी बटनाआधी ती पलीकडे जाऊन डोळ्यांनी बघून यायला लागली. सेठ वैतागला. "दीदी, हर बार देखने जाओगी तो धान कब निकलेगा?" त्याने तिला पेंढ्या वाहायला पाठवलं आणि बटनापाशी नरहरला बसवलं. नरहर त्याचा शेताला पाणी सोडणारा माणूस, आपल्यातलाच, मराठी.

विमला त्याच्या अक्षरशः पाया पडली. "भाऊ, हव आयकू आलं तं बटन नको दाबू. माया हो म्हणते."

"बाई, इथं सारेच हव म्हणतात. रोज आयकतो मी."

त्याचंही खोटं नव्हतं.

दिवस कलला. सकाळपासून कोणाची पाठ टेकली नव्हती. विमला लांब गंजीपाशी डोक्यावर भारा घेत होती, तेवढ्यात मशीनचा आवाज थांबला.

मग नरहरची हाक ऐकू आली. "माया, लावू काय?"

विमलाने भारा टाकला. जिवाच्या आकांताने ओरडत ती धावत सुटली. "नको! नरहर, नको!"

एवढ्या लांबून तिचं ओरडणं नरहरला ऐकू गेलं नाही. पण ते उत्तर तिला ऐकू आलं. अगदी कानाशी...

"हव."

मोटर सुरू झाली.

माया वाचली. उजवा हात गेला. आवाज मायाचाच होता, असं नरहर आजही शपथेवर सांगतो. माया म्हणते, मी तोंडच उघडलं नव्हतं.

विमलाला त्या हातापेक्षाही दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटते. दवाखान्यात माया शुद्धीवर आल्यावर नर्सने विचारलं, "माया तुम हो?"

माया म्हणाली, "हव."

तेव्हापासून तिच्या तोंडून 'हो' गेला तो गेलाच. तिला स्वतःला त्याचा पत्ताही नाही.

आता विमला स्वयंपाकघरातून विचारते, "माया, चहा ठेवू काय?"

आतल्या खोलीतून उत्तर येतं, "हव."

विमला स्टोव्ह पेटवत नाही. हात पुसते, उठते आणि खोलीत जाऊन बघून येते.

बहुतेक वेळा तिथं मायाच असते.