सुरातला वारा

काचेचं दार इतकंही लख्ख पुसू नये, हे त्याला पटलं तेव्हा तोंड त्यावर आपटून झालं होतं. तोंडावर रुमाल दाबून तो समोरच्या दातांच्या दवाखान्यात घुसला, तो थेट बाहेर पडणाऱ्या डॉक्टरीणबाईंवरच आदळला. तिच्या हातातला जेवणाचा डबा पडता पडता वाचला.

"माफ करा... दात... पुढचा," तो बोबडा बोलला.

"आ करा."

"इथेच?"

"मग काय, पत्रिका छापून बोलावू?"

दात निम्मा तुटला होता. आणि डोळे... छे, डोळ्यांशी दंतवैद्याचा काय संबंध! पण दिसले, त्याला ती तरी काय करणार?

जेवण राहिलं बाजूला. तिने दात भरला, निळ्या उजेडाने पक्का केला, घासून गुळगुळीत केला. शेजारच्या दाताच्या कडेला लहानपणची एक बारीक खाच होती. वाकडंतिकडं काही दिसलं की हिचे हात शिवशिवतातच. न विचारता तिने तीही भरून टाकली.

"ही माझ्याकडून भेट," आरसा धरत ती म्हणाली. तो हसला, आणि ती सरळ रांग पाहून तिला स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

तो गेल्यावर, नोंदवही सांभाळणाऱ्या तिच्या मावशीने चष्म्यावरून पाहिलं. "काय करतो गं हा?"

"बासरी वाजवतो म्हणाला."

"ते झालं. पण पोटासाठी?"

"बासरीच, मावशी."

तिसऱ्या दिवशी बासरीवाला पुन्हा हजर. या वेळी काखेत लांबलचक पिशवी आणि चेहरा पार उतरलेला.

"दुखतंय?"

"दुखत नाही. ऐका."

त्याने बासरी ओठांना लावली. सूर निघाला खरा, पण त्यात निम्मा वारा. सायकलच्या चाकातून हवा जावी तसा.

"नेहमी अशीच वाजते?" तिने विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

"बावीस वर्षं वाजवतोय, डॉक्टर. ती खाच होती ना... वरचा ओठ तिच्यावर टेकवूनच मी फुंकायला शिकलो. मला तरी कुठे ठाऊक होतं? परवा खाच गेली आणि सूरही गेला."

त्यात पुढच्या रविवारी त्याचा पहिलाच स्वतंत्र कार्यक्रम! दहा वर्षं तो गुरुजींच्या मागे बसून साथ करत आला होता. ते थांबले की एखादी ओळ भरायची आणि पुन्हा गप्प बसायचं. आता गुरुजींची बोटं थरथरायला लागली, म्हणून त्यांनी आपली ठरलेली तारीख याला देऊन टाकली होती.

"समोर तेच बसणार आहेत," तो म्हणाला. "त्यांना हा वारा ऐकवू?"

"तुमची खाच मी परत देईन," ती म्हणाली. "जुना फोटो दाखवा. दात दिसतील असा."

त्याने फोनमधले शे-दोनशे फोटो दाखवले. प्रत्येकात ओठ मिटून बासरीला लावलेले!

"आयुष्यात कधी हसलाच नाहीत का हो?"

"हसलो की. पण तेव्हा फोटो काढायला कोणी नव्हतं..."

मग कानानेच काम करायचं ठरलं. रोज सकाळी, पेशंट यायच्या आधी. ती केसाएवढं घासणार, तो फुंकणार, की ती पुन्हा घासणार. सोमवारी काडीचाही फरक पडला नाही. मंगळवारी तिला वारा आणि सूर वेगवेगळे ऐकू यायला लागले. बुधवारी ती डोळे मिटून म्हणाली, "खालचे सूर छान आहेत. वर गेलात की सांडतंय."

तो बघतच राहिला. "हे ओळखायला शिकणाऱ्यांना वर्षं लागतात, डॉक्टर."

"मीच घालवलाय ना तुमचा सूर? मग कान द्यायला नकोत?"

"एका दाताला आठवडा?" मावशी बाहेरून ओरडली. "हत्तीचा आहे की काय?"

गुरुवारी सूर आला. ती पाठमोरी हात धूत होती. भरदार, गोड, जराही वारा नसलेला सूर खोलीभर पसरला आणि तिचे हात नळाखाली तसेच राहिले. तेवढ्यात तो थांबला.

"अजून नाही," तो खाली बघत म्हणाला. "जरासा... वारा आहे."

आपले कान चुकले असतील? पण मेलं मन असं की त्याला आनंदच झाला! म्हणजे हा शुक्रवारीही येणार. तिने मशीन सुरू केलं, दाताजवळ नेलं आणि नुसतंच फिरवलं.

शुक्रवारी वारा वाढला. शनिवारी तर फुसफुसच. आता मात्र तिचं धाबं दणाणलं. कार्यक्रम उद्यावर आला होता. तिने मशीन खाली ठेवलं.

"मी आता काहीही करणार नाही."

"का?"

"कारण गुरुवारी सूर आला होता. मी ऐकलाय! तुम्ही नाही म्हणालात आणि मी... तेव्हापासून दाताला हातसुद्धा लावलेला नाही. मशीन हवेत फिरवत होते."

"कशासाठी?"

तिने मास्क खाली ओढला. "तुम्ही उद्याही यावं म्हणून. आवडता तुम्ही मला. झालं समाधान? पण माझ्या वेडेपणापायी तुमचा कार्यक्रम बुडाला तर... खरं सांगा, काही बिघडलंय का?"

तो कानांपर्यंत लाल झाला. "काही बिघडलेलं नाही. मीच दोन दिवस मुद्दाम सुरात वारा मिसळतोय. चांगला दात तोंडात असताना वाईट वाजवायचं म्हणजे फार अवघड जातं हो!"

"तुम्ही... अहो, जीव गेला असता माझा!"

"आणि तुम्ही मशीन हवेत फिरवता, ते मला कळत नव्हतं? दात माझा आहे, डॉक्टर."

ती हसायला लागली, ती थांबेचना. त्याने तिचा हात धरला, रबरी मोज्यासकट.

"ए बाबांनो, आटपा," बाहेरून मावशी. "इथे तिघं गाल धरून बसलेत!"

रविवारी संध्याकाळी ती पहिल्या रांगेत बसली. त्याने पहिला सूर लावला, आणि लावूनच ठेवला. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या गुरुजींनी डोळे पुसले आणि तिच्याकडे वळून हळूच विचारलं, "आठवडाभर मला जवळ फिरकू दिलं नाही पठ्ठ्याने. रोज सकाळी तुझ्याकडे यायचा म्हणे. तू कोण गं त्याची?"

"दातांची डॉक्टर... म्हणजे होते. कालपासून..."

"समजलं," गुरुजी म्हणाले. "मग रोज पहाटे उठून हे ऐकावं लागणार हो. जन्मभर. जमेल?"

"जमेल," ती म्हणाली. एवढ्या पटकन, की मागच्या रांगेतल्या कोणीतरी तिला गप्प बसायला सांगितलं.