येते म्हणून गेलेली सीडी

गुरुवारी कर्वेनगरात लाईट नव्हती, त्यामुळे सायबर कॅफेही बंद. नीरजा लॅपटॉप छातीशी धरून शेजारच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिरली.

"अहो, माझं नेट सुरू करून द्या. दोनला खराडीच्या कंपनीची ऑनलाइन परीक्षा आहे. हुकली, तर बाबा मला वर्ध्याला परत नेणार."

काउंटरमागच्या उत्तरेश्वरनं घड्याळ पाहिलं. डोळे शांत... पण जीभ पुणेरी. "दीड वाजलाय. लवकरच आलात!"

त्यानं तिचं नेटचं डोंगल लावलं. पडद्यावर उमटलं फक्त एका सीडीचं चित्र.

"तुमच्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे. डोंगलच्या पोटात विंडोजसाठीची खोटी सीडी असते, लिनक्सला तेवढीच दिसते. विंडोज टाकू... लाईट आल्यावर."

"नाही. आजच, आणि यावरच."

तिनं स्टूल ओढलं. तोही वाकला. त्याच्या बाहीला सोल्डरिंगचा जळका वास येत होता. तो तिला आवडला, याचं तिलाच नवल वाटलं.

"ही सीडी बाहेर काढली तर?"

"मग उरेल काय? आहे तेही जाईल."

"घरून निघताना आपण 'जाते' म्हणतो? 'येते' म्हणतो. तिलाही म्हणू द्या की!"

तिनं 'इजेक्ट' दाबलं. सीडी गेली. एक क्षण... दोन... डोंगलचा दिवा निळा झाला. सीडीनं जागा सोडताच आतलं नेट जोडणारं मोडेम पुढं आलं होतं.

"आली! नेट घेऊन आली!" उत्तरेश्वर लहान मुलासारखा हसला.

बॅटरी चाळीस टक्के. नीरजा मान खाली घालून प्रश्न सोडवू लागली. तो दारात उभा राहून गिऱ्हाइकं परतवत होता.

"तीननंतर या. परीक्षा चालू आहे."

"कुणाची?"

"आमची."

तिनं ते ऐकलं... आणि एक सोपं गणित चुकली.

तरी पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. ते घेऊन ती थेट दुकानात.

"अभिनंदन," तो म्हणाला, मग जरा थांबून — "आता खराडीलाच खोली बघाल."

"नाही. इथंच राहणार."

"रोज दोन बस बदलाव्या लागतील."

"लागू द्यात. दुकान किती वाजता उघडता?"

"दहाला. का?"

"उद्यापासून साडेआठला उघडा. माझी बस पावणेनऊची आहे."

कानापर्यंत लाल होत उत्तरेश्वरनं खडू उचलला, दारावरचे 'दहा' हातानंच पुसले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं — सव्वाआठ.