डावा तळवा

धाकट्या भावाचं पत्र दोन महिने शब्दकोशात पडून होतं. उत्तर न देणं दादांच्या स्वभावात नव्हतं. छत्तीस वर्षं ग्रंथालयात काढलेला माणूस. पुस्तक हरवल्याच्या तक्रारीलासुद्धा दोन पानी उत्तर पाठवणारा. या एका पत्राला मात्र त्यांचा हात लागत नव्हता.

धाकट्याला जुना मधुमेह. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायांची जाणीव गेली. नेमके तेव्हापासून, दुसऱ्या गावात एकट्या राहणाऱ्या दादांचे तळवे दुखू लागले. रक्त तपासलं, एक्स-रे काढला, सगळं स्वच्छ. डॉक्टरांनी वयावर बोट ठेवलं आणि दादांनाही ते पटलं. मग एकदा डाव्या अंगठ्याखाली असं काही टोचलं की, स्वतःचीच लाज वाटत असूनही, त्यांनी भावाला फोन लावला.

"बूट काढून बघ रे जरा."

बुटात खिळा निघाला. मोजा रक्ताने भिजला होता, आणि धाकटा त्यावर सकाळपासून हिंडत होता.

"दादा, तू ज्योतिषी कधी झालास?"

पुढे तापलेली फरशी असो, बोचणारी शिवण असो, दादांचा फोन आधी जायचा. हे कसं होतं, याचा शोध दोघांनीही कधी घेतला नाही. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, याचंच दादांना अप्रूप होतं.

आणि मग ते पत्र आलं.

'डॉक्टर म्हणतात, रोज आरसा धरून तळवे बघा. मी आरसा माळ्यावर टाकला. तू आहेस ना! परवा तर गंमतच झाली. मित्रांना खरं वाटेना, म्हणून टाचेत सुई खुपसून दाखवली. चार मिनिटांत तुझा फोन! हसून हसून पुरेवाट झाली आमची. एवढं फोन करायचं कायम ठेव.'

ती संध्याकाळ दादांना आठवली. टाच धरून ते स्वयंपाकघरात खाली बसले होते, फोनपर्यंत खुरडत गेले होते. पलीकडून हशा ऐकू आला होता. त्यांना वाटलं होतं, टीव्ही चालू असेल.

महिनाभराने डाव्या टाचेत पुन्हा कळ उठली. दादांनी फोनकडे हात नेला आणि मागे घेतला.

बघू दे आरशात.

दुसऱ्या दिवशी टाच पेटली. तिसऱ्या दिवशी ठणका हाडात शिरला. पाचव्या दिवशी पाय जमिनीला टेकवेना. दादा उशीचा कोपरा दातांत धरून पडून राहिले. फोन हाताच्या अंतरावर होता.

सहाव्या दिवशी सकाळी कळ थांबली. बटण बंद करावं तशी.

दुपारी धाकट्याच्या बायकोचा फोन आला.

"दादा, काचेचा तुकडा होता टाचेत. जखम सडली, विष वर चढायला लागलं. पाय काढला डावा, गुडघ्याखालून. या वेळी तुम्हाला काहीच कळलं नाही?"

"नाही," दादा म्हणाले.

तीन आठवड्यांनी त्यांनी कागद पुढे ओढला. 'मला पाच दिवस कळत होतं.' एवढंच लिहून झालं. पुढे काही सुचेना. सकाळी टपालाचं तिकीट आणायला घातलेल्या चपला पायातच होत्या. कागद तसाच पाकिटात घालून ते उठले, तोच फोन वाजला.

"दादा, हे मघापासून ओरडताहेत. नसलेल्या पायात कळा येतात म्हणे. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. पण हे ऐकतच नाहीत."

"काय म्हणतो?"

"काहीतरीच. दादाला सांग म्हणतात, चप्पल काढून बघ."

"झोपू दे त्याला," दादा म्हणाले आणि बाहेर पडले.

टपालपेटी कोपऱ्यावर होती. अलीकडे चालणं फार सोपं झालं होतं. डावा पाय तर असून नसल्यासारखा.

पाकीट आत पडल्याचा आवाज आला.

ते परत जायला वळले. ऊन लख्ख होतं. त्यांच्या दारापासून पेटीपर्यंत, फरसबंद वाटेवर, एक सोडून एक पाऊल लाल उमटलं होतं.