वहीतल्या बायका

गोमतीचे डोळे आले नसते, तर मंगरूळपीरच्या त्या दवाखान्याची पायरी ती चढलीच नसती. मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊन तिला सहा महिने झाले होते. साल एकोणीसशे पंचावन्न. लाल, चिकटलेले डोळे पदराने टिपत ती कंपाउंडरसमोर बसली. त्याने थेंब टाकले आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

"नाव लिवा."

मिटत्या डोळ्यांनीच तिने लिहिलं. तो ते नाव बघत राहिला... जरा जास्तच वेळ.

"दिसत नसताना असं अक्षर? दिसल्यावर काय होईन—"

"दिसल्यावर फक्त पोरींच्या चुका दिसतात."

तो हसला. त्याचं नाव इंद्रभान, राहणारा रिसोडचा. पुढच्या खेपेला थेंब टाकता टाकता त्याने विचारलं, "आमच्या बाईले लिवनारं मानूस पाह्यजे. याल का?"

बाई म्हणजे दवाखान्यातली म्हातारी नर्स, अराक्सीबाई. जातीची आर्मेनियन. चाळीस वर्षांपूर्वी तुर्कांच्या मुलखात तिच्या लोकांना घरांतून काढून वाळवंटात हाकलत नेलं होतं. बाई तेव्हा बारा वर्षांची. वाचली, अनाथाश्रमात वाढली, मग कलकत्त्याच्या नातेवाइकांकडे आली आणि नर्स होऊन इकडे. अनाथाश्रमात असताना तिथल्या बायकांनी जे जे सांगितलं, ते तिने एका वहीत उतरवलं होतं. आता तिला मोतीबिंदू झाला होता. भिंग धरून एकेक ओळ लागायची, आणि ती लिपी वाचणारं दुसरं कोणी आसपास नव्हतं.

"मी गेल्यावर ही वही कोण वाचणार?" बाई गोमतीला म्हणाली. "तू तुझ्या भाषेत लिही. कोणाच्या तरी भाषेत राहू दे."

शाळा सुटल्यावर गोमती दवाखान्याच्या ओसरीवर येऊ लागली. बाई हिंदी-मराठीची सरमिसळ करून सांगायची, गोमती लिहायची. थोड्या अंतरावर इंद्रभान औषधाच्या पुड्या बांधत बसायचा.

"तुमच्या पुड्या संपत नाहीत का हो?"

"रोगी लय वाढले."

"दवाखाना तर बंद झाला."

"उद्याचे रोगी..." तो मान वर न करता म्हणायचा, आणि गोमतीला हसू आवरण्यासाठी दौतीत उगाच टाक बुडवावा लागायचा. ती निघाली की चौकापर्यंत तो सायकल हातात धरून चालायचा. सायकलवर बसायचं त्याला कधी सुचत नसे.

अकरावं पान शुशान नावाच्या बाईचं होतं. वाटेत शिपायांनी तिला ओढून नेलं होतं. गोमतीचा हात थांबला. मग तिने लिहिलं, 'तिची अब्रू गेली', आणि रीतीप्रमाणे ओळ वाचून दाखवली.

"खोड ते," बाई म्हणाली. "तिचं काही गेलं नाही. शिपायांनी काय केलं, ते लिही."

गोमतीने ओळ खोडली. बाईने सांगितलं तसं, शब्द न झाकता लिहिलं. पान संपल्यावर तिने मान वर केली, तर इंद्रभानची जागा रिकामी होती. पुड्या अर्ध्याच बांधलेल्या.

आठ दिवस तो ओसरीवर आला नाही. दवाखान्यात दिसला, तरी नजर चुकवायचा. असलं लिहिणारी बाई त्याला आवडली नसेल, असं गोमतीने मनाशी ठरवलं. ठरवलं खरं, पण जेवण गोड लागेना. नवव्या दिवशी ती सरळ औषधाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"मी लिहिलेलं खटकलं का तुम्हाला?"

"नाई."

"मग काहून येत नाही?"

त्याने हातातल्या बाटलीचं बूच दाबून बसवलं. "मले एक बहीन हाये... रंगू. अठ्ठेचाळीस सालच्या धामधुमीत आमी सरहद्दीपल्याड होतो, निजामीत. गाव लुटलं, अन् तिले उचलून नेलं. अकरा दिसांनी आली. घरात सात वर्सं कोनी एक शब्द बोललं नाई. माहं एक लगीन ठरलं होतं, थे याच्यावरूनच मोडलं. तवापासून मी कोनाले लग्नाचं इचारत नाई. तुमाले बी... इचारनार नव्हतो."

स्वतःला विचारण्या-न विचारण्याचं तिने बाजूला ठेवलं. "मला रंगूबाईंना भेटायचंय," एवढंच ती म्हणाली.

रविवारी दोघं मोटारीने रिसोडला गेली. रंगू तिशीची होती, ज्वारी पाखडत बसली होती. गोमतीने सोबत आणलेली पानं काढली.

"लांबच्या मुलखातल्या बायांचं हाये. वाचू का?"

रंगूने नुसती मान हलवली. शुशानचं पान येताच सूप थांबलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "परत वाच." गोमतीने परत वाचलं. रंगू उठली, इंद्रभानला म्हणाली, "तू भाईर जाय," आणि दार लोटून घेतलं.

"आता माहं लिव."

"नाव बदलू का?"

"कायले? रंगूच लिव. गाव बी लिव."

दुपार कलेपर्यंत दार बंद होतं. गोमती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना शाई होती आणि डोळे पुन्हा लाल झाले होते. इंद्रभान अंगणात निंबाखाली उभाच होता.

"काय म्हने?"

"ते त्यांचं आहे. वाटलं तर त्याच सांगतील तुम्हाला."

तो हळूच म्हणाला, "अन् माहं?"

"तुमचं काय? तुम्ही कुठं काही विचारलंय—"

"इचारलं असतं तर?"

"मग विचारा की."

त्याने विचारलं. नीट, पूर्ण वाक्यात, तिच्याकडे बघत... गोमती हो म्हणाली.

तिच्या वडिलांनी दोन महिने नकार दिला. रंगूवरून लोक काय म्हणतील, हेच त्यांचं एकमेव कारण होतं. ते कारण बोलून बोलून संपल्यावर त्यांनी होकार दिला. वैशाखात लग्न झालं. अराक्सीबाई कलकत्त्याला डोळ्यांच्या इलाजासाठी निघाली, तेव्हा गोमतीने मराठी वहीची नक्कल तिच्या हाती ठेवली. त्रेचाळीस बायका होत्या. चव्वेचाळिसावी रंगू.

"हिचं मला वाचून दाखव," बाई म्हणाली.

गोमतीने वही उघडली. पण निरोपाला आलेल्या रंगूने पुढे होऊन तिला अडवलं, बाईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "वाचाले कायले पाह्यजे? मीच सांगतो."