टाकी सात : आत माणूस

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात रंजिताकडे चाळणी धरण्याचं काम होतं. यंत्रं दिवसभर सर्व्हरला मेसेज पाठवत. पंप सुरू झाला, दाब वाढला, दार उघडलं. त्यातले बिनकामाचे गाळून कामाचे तेवढेच पडद्यावर ठेवणारं सॉफ्टवेअर ती सांभाळी. कापडे गावाहून बसनं येऊन कंट्रोल रूममधल्या खुर्चीत बसली, की काय गाळायचं हे तिला विचारावं लागत नसे.

त्या दुपारी पडद्यावर ओळ आली. 'टाकी सात : आत माणूस.'

टाकी धुवायला कुणी उतरलं की पूर्वी असा मेसेज येई, हे खरं. पण तो पाठवणारं सातचं पॅनल केव्हाच काढून भंगारात टाकलं होतं. वायरसुद्धा उरली नव्हती. तरी ओळ पुन्हा आली. मग पुन्हा.

"गाळून टाक," इनचार्ज सुनील सर मागून म्हणाले. "आता सातमध्ये ॲसिड सोडायचंय."

तिनं ती ओळ लपवण्याचा नियम लिहिला. ओळ नियमाला न जुमानता वर आली, आणि या खेपेला एक शब्द जास्त घेऊन आली.

'टाकी सात : आत माणूस. जिवंत.'

रंजितानं यार्डात टाकीचा व्हॉल्व्ह सांभाळणाऱ्या जितेशला फोन लावला. "जितेश, व्हॉल्व्ह उघडू नको रे."

"ताई, आताच वाकून बघितलं मी. आत कोन नाय."

"नसू दे. उघडू नको."

"उद्या कामावर यायचंय ना तुला?" सरांनी शांतपणे विचारलं.

"यायचंय. पण हे गाळायचं नाय."

तिनं नियम पुसला आणि ती ओळ कारखान्यातल्या झाडून सगळ्या पडद्यांवर सोडली. काम थांबलं. माणसं टाकीभोवती जमली.

सर संतापले. मास्क चढवून, दोर बांधून स्वतःच आत उतरले. परत कंट्रोल रूममध्ये आले तेव्हा त्यांचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता.

"कोरडी ठाक आहे. कुणी नाही."

त्यांनी दार लावून घेतलं. सातची ओळ थांबली.

मग तिच्या जागी दुसरी आली. या खोलीतून कधी मेसेज येतच नसे.

'कंट्रोल रूम : आत माणसं तीन.'

खोलीत ती दोघंच होती.

"गाळ," सर पुटपुटले.

"नाय गाळणार."

रंजिता उठली. भिंतीकडची रिकामी खुर्ची ओढून तिनं आपल्या शेजारी ठेवली.

खुर्चीची गादी हळूहळू दबत गेली.